सुरतेचीं थडगीं : वखारवाल्यांचा अखेरचा हिशेब

सुरत हें नांव मराठी घरांत परकें नाहीं. शाळेंतील इतिहासाच्या पहिल्याच पुस्तकांत तें भेटतें. शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं व पुन्हा १६७० सालीं सुरत लुटली, एवढें पाठ झालें कीं त्या शहराशीं आपला संबंध संपला, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु त्या पहिल्या प्रसंगीं शहराचा मोंगल अधिकारी इनायतखान किल्ल्यांत दडून बसला असतां, जो एक परदेशी वखारवाला आपल्या वखारीचा बंदोबस्त करून ठाम राहिला, तो सर जॉर्ज ऑक्झिंडेन पुढें साडेपांच वर्षांनीं सुरतेंतच मरण पावला. त्याचें थडगें आजहि तेथें उभें आहे, आणि त्याच्या आसपास त्याच्या आधींचीं व नंतरचीं दुसरीं अनेक थडगीं आहेत. मराठी प्रवाशानें तें स्थळ कां पाहावें, आणि तेथें गेल्यावर नेमकें काय पाहावें, हा प्रस्तुत विषय आहे.

ठाण्या-कल्याणकडील माणसाला प्रथम असें वाटेल कीं, त्यासाठीं थेट सुरतेपर्यंत जाण्याचें कारण काय? जुन्या युरोपियन लोकांच्या खुणा आपल्या भोंवतींहि आहेतच. ही गोष्ट खरी. पण त्या खुणा निराळ्या प्रकारच्या आहेत. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ मध्यें मराठ्यांपासून घेतला, आणि तेथील सेंट जेम्स चर्च १८२५ सालचें आहे. म्हणजे ठाण्यांत इंग्रज आला तो शिपाई म्हणून, आणि राहिला तो अंमलदार म्हणून. कल्याणास कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ सालीं येऊन गेला. पण तो जुन्नरच्या वाटेवरचा पाहुणा होता. कल्याणच्या जुन्या वैभवाचे पडके अवशेष पाहून त्यानें आश्चर्य व्यक्त केलें आणि तो घाटाकडे निघून गेला. मुंबईंत इंग्रजांचें पहिलें स्मशान मेंढम्स पॉइंट नांवाच्या समुद्रकांठच्या जागीं होतें. अठराव्या शतकांत तें मोडलें आणि सोनापूर येथें नवें स्मशान झालें. राजापूरची इंग्रजी वखार इतिहासजमा झाली. वेंगुर्ल्यास डच वखारीचे पडके अवशेष तेवढे उरले आहेत. तेव्हां हातांत तराजू घेऊन आलेला, राज्याचें स्वप्नहि न पाहणारा पहिला युरोपियन व्यापारी ज्या स्थितींत मेला त्याच स्थितींत पाहावयाचा असेल, तर सुरतेसच गेलें पाहिजे.

जाणें अवघड नाहीं. डोंबिवली-कल्याणकडील मंडळींना दिवा-वसई मार्गानें पश्चिम रेल्वेवर उतरतां येतें, ठाण्याच्या मंडळींना दादरहून गाडी मिळते. मुंबईपासून सुरत लोहमार्गानें सुमारें २६३ किलोमीटर आहे. पहाटे निघालेला मनुष्य सर्व पाहून रात्रीपर्यंत घरीं येऊं शकतो. जुन्या शहराच्या उत्तर अंगास कतारगाम दरवाजा म्हणून जो भाग आहे, त्या परिसरांत इंग्रजांचें स्मशान आहे, आणि तेथून फार दूर नाहीं अशा जागीं डच व आर्मेनियन लोकांचीं स्मशानें आहेत. एके काळीं ही जागा वस्तीबाहेर, बागांच्या व मोकळ्या रानाच्या शेजारीं होती. आज शहरानें तिला चोहों बाजूंनीं वेढलें आहे. हीं स्थळें केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. जाण्यास हिवाळ्याचे महिने बरे, आणि दिवसांत सकाळची वेळ उत्तम. कारण तिरप्या उन्हांत झिजलेलीं अक्षरें जितकीं स्पष्ट दिसतात तितकीं भर दुपारीं दिसत नाहींत.

आंत शिरणाऱ्या प्रवाशाला पहिला धक्का बसतो तो असा कीं, हें ख्रिस्ती स्मशान आहे असें मुळीं वाटतच नाहीं. क्रूस, देवदूतांच्या मूर्ति, हिरवळींत ओळीनें मांडलेल्या शिळा, असें चित्र डोळ्यांपुढें ठेवून तो गेलेला असतो. आणि समोर उभे असतात घुमट, कमानी, जाडजूड खांब, गच्चीवर नेणारे जिने. एखाद्या मुसलमान सरदाराच्या कबरस्तानांत तर आपण आलों नाहीं ना, अशी शंका यावी. हें कसें घडलें? एक कारण अगदीं साधें आहे. बांधणारे गवंडी सुरतेचेच होते. चुना, वीट आणि घुमट यांचें जें काम त्यांच्या हातांत बसलें होतें तेंच त्यांनीं केलें. परंतु दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. मोंगल शहरांत मोठ्या माणसाची प्रतिष्ठा त्याच्या मरणानंतर त्याच्या कबरीवरून मोजली जात असे. परदेशी व्यापाऱ्यांनीं हें चटकन् ओळखलें. वखारीचा प्रेसिडेंट जिवंतपणीं बाहेर पडे तो निशाण, वाजंत्री, घोडे व पालखी ह्यांचा थाट करून. मेल्यावर तोच थाट चुन्याविटांत उतरविणें ओघानेंच आलें. इंग्रजांनीं एक उंच घुमट उभारला कीं डचांना त्याहून उंच उभारण्याची ईर्ष्या वाटे. येथें शोक होता हें खरें. पण शोकाबरोबर बाजारांतील पत राखण्याची काळजीहि होती.

ह्या थाटाच्या मागें प्रत्यक्ष स्थिति काय होती, हें लक्षांत घेतल्यावांचून थडग्यांचा अर्थ कळत नाहीं. इंग्रजांचें पहिलें जहाज १६०८ सालीं सुरतेच्या बाऱ्यावर आलें. १६१२ मध्यें सुवाळीच्या समुद्रांत पोर्तुगीज आरमाराशीं झुंज देऊन त्यांनीं आपला जम बसविला आणि पुढील वर्षीं बादशाही परवानगीनें वखार घातली. डच त्यांच्या मागोमाग आले. हे लोक चांदी आणीत आणि सुती कापड, नीळ, सोरा, मसाल्याचे पदार्थ विकत घेत. परंतु शहर बादशहाचें, जकात बादशहाची आणि न्यायहि बादशहाचाच. इंग्रजांची वखारसुद्धां भाड्याच्या घरांत होती. पैशांची अडचण पडली कीं त्यांना वीरजी वोरा ह्यांच्यासारख्या सुरतेच्या सावकाराच्या दारांत कर्जासाठीं उभें राहावें लागे. रोजच्या व्यवहारांत जो परक्याचा भाडेकरू आणि सावकाराचा ऋणको होता, त्याला आपलें मोठेपण कायमचें दाखविण्यासाठीं एकच जागा मोकळी होती, ती म्हणजे स्मशान.

वखारींतील आयुष्यहि बाहेरून दिसे तितकें सुखाचें नव्हतें. विलायतेहून पोरवयांत आलेला कारकून, ज्याला ते रायटर म्हणत, त्याला वर्षास दहा पौंड पगार मिळे. त्याच्यावर फॅक्टर, त्याच्यावर मर्चंट, आणि सर्वांच्या माथ्यावर प्रेसिडेंट व त्याचें मंडळ. सर्वांनीं एका छपराखालीं राहावें, एका पंगतीस जेवावें, ठराविक वेळीं प्रार्थनेस हजर राहावें, असा शिरस्ता होता. पगार तुटपुंजा असल्यामुळें जो तो चोरून किंवा उघड स्वतःचा खाजगी व्यापार करी. हवा मानवत नसे. ताप, हगवण आणि मद्य ह्या तिहींच्या तडाख्यांतून पार पडून स्वदेशीं परतणारे थोडे. मुंबईसंबंधानें तर त्या काळीं इंग्रजांत एक म्हणच पडून गेली होती कीं, दोन पावसाळे हें माणसाचें आयुष्य. अशा लोकांचीं हीं घरें आहेत, हें मनांत धरून मग एकेका थडग्याकडे वळावें.

इंग्रजी स्मशानांतील जुन्या थडग्यांत फ्रान्सिस ब्रेटन ह्या प्रेसिडेंटाचें थडगें आहे. तो १६४९ मध्यें वारला. पांच वर्षें त्यानें आपलें काम मोठ्या मेहनतीनें व सचोटीनें केलें, अशा अर्थाचा मजकूर त्याच्या लेखांत आहे. एवढेंच. पराक्रम नाहीं, प्रदेश जिंकल्याची भाषा नाहीं. एखाद्या पेढीच्या मालकानें आपल्या मुनिमास मरणोत्तर दिलेलें हें प्रशस्तिपत्र वाटतें. आणि त्या काळीं कंपनीचा प्रेसिडेंट वास्तविक मुनीमच होता.

त्यानंतर दहा वर्षांनीं, एप्रिल १६५९ मध्यें, ख्रिस्टोफर ऑक्झिंडेन वारला. त्याचा लॅटिन लेख हा ह्या स्थळांतील सर्वांत वाचनीय भाग होय. लेख रचणारानें मृत माणसाचें सबंध आयुष्य हिशेबाच्या चोपडीच्या रूपानें मांडलें आहे. ह्या मनुष्याला आपल्या वहींत दिवस तेवढे टिपतां आले, वर्षें मांडण्यास सवड मिळाली नाहीं. कारण मृत्यूनें त्याला अवचित हिशेबास बोलावलें, असें तो सांगतो. मग तो विलायतेंतील धन्यांकडे वळून विचारतो कीं, ह्या व्यवहारांत तुमचा नफा किती आणि तोटा किती? आणि स्वतःच उत्तर देतो. धन्यांचा एक नोकर गेला, सोबत्यांचा एक सोबती गेला, आणि त्याचा स्वतःचा तर प्राणच गेला. तथापि पानाच्या जमेच्या बाजूस मरण हाच आपला लाभ, असें त्यानें लिहावें. हें शेवटचें पद ख्रिस्ती धर्मग्रंथांतील संत पॉलच्या वचनाला धरून आहे. परंतु तें ज्या पानावर बसविलें तें पान खतावणीचें आहे.

ह्या लेखाची गंमत वाटते तशीच थोडी करुणाहि वाटते. घरापासून हजारों कोस दूर असलेल्या ह्या लोकांपाशीं दुःख बोलून दाखविण्यासाठीं जी भाषा उरली होती, ती जमाखर्चाची. मारवाडी किंवा गुजराती पेढींत वाढलेल्या माणसाला ती चटकन् समजावी. आपल्याकडेहि पुण्याची जोड, कर्माचा हिशेब, देवाच्या दरबारची वही असे शब्दप्रयोग घरोघर आहेतच. सुरतेच्या बाजारांत इंग्रज आणि वाणी एकमेकांची भाषा कितपत शिकले तें असो; ह्या एका बाबतींत मात्र त्यांच्या मनाची ठेवण सारखी होती.

ख्रिस्टोफरचें थडगें म्हणजे घुमट असलेली एक लहानशी वास्तु होती. दहा वर्षांनीं, १४ जुलै १६६९ रोजीं, त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झिंडेन वारला, तेव्हां ती लहान वास्तु तशीच ठेवून तिला पोटांत घेणारी मोठी दुमजली इमारत उठविण्यांत आली. तिची उंची सुमारें चाळीस फूट आणि व्यास सुमारें पंचवीस फूट असल्याचें जुनीं वर्णनें सांगतात. भक्कम खांबांवर एकावर एक असे दोन घुमट तोललेले असून वरच्या सज्ज्यावर जाण्यास जिने आहेत. दोघां भावांची जिवंतपणींची जवळीक मरणांतहि अखंड राहिली, हा भाव तेथील लेखांतहि आहे.

हाच जॉर्ज ऑक्झिंडेन जानेवारी १६६४ मध्यें सुरतेच्या वखारीचा मुख्य होता. मराठे शहरावर चालून येत आहेत हें कळतांच त्यानें जहाजांवरचे खलाशी वखारींत आणविले आणि सुमारें दोनशें माणसें घेऊन नगारे-कर्णे वाजवीत शहरांतून एक फेरी काढली. ह्या देखाव्याचा हेतु उघड होता : इंग्रज पळणार नाहींत हें शहरालाहि दिसावें आणि येणारालाहि कळावें. मराठ्यांनीं वीरजी वोरा व हाजी जाहिद बेग अशा कोट्याधीशांचे वाडे रिते केले. वखारीशीं मात्र निकराची लढाई करण्यांत त्यांनीं वेळ घालविला नाहीं. अँथनी स्मिथ नांवाचा एक इंग्रज त्यांच्या हातीं सांपडला, त्याला निरोप देऊन परत पाठविण्यांत आलें, आणि ऑक्झिंडेननें तो निरोप धुडकावून लावला. पुढें औरंगजेबानें ऑक्झिंडेनला मानाचा पोशाख पाठविला व इंग्रजांना जकातींत सवलत दिली.

मराठी वाचकानें ही हकीगत दोन्ही अंगांनीं वाचावी. महाराजांना शहर जिंकावयाचें नव्हतें; शाएस्तेखानाच्या स्वारीनें स्वराज्याची जी नासाडी केली तिची भरपाई बादशहाच्याच सर्वांत श्रीमंत बंदरांतून करून घ्यावयाची होती. फादर अँब्रोझ ह्या ख्रिस्ती साधूच्या मठाला त्यांनीं धक्का लावला नाहीं, आणि डचांच्या एका मृत दलालाचें घरहि, तो मोठा दानशूर होता असें कळल्यावरून, वगळलें, असें बर्निये ह्या फ्रेंच प्रवाशानें लिहून ठेवलें आहे. उलटपक्षीं, ज्यांच्याकडे रक्षणाचा अधिकार होता ते किल्ल्यांत दडले असतां परक्या वखारवाल्यानें धैर्य दाखविलें, हेंहि नाकारतां येत नाहीं. शत्रूचा गुण मान्य केल्यानें आपला इतिहास कमी होत नाहीं. ह्या घुमटाखालीं उभें राहिलें कीं, पुस्तकांत एका वाक्यांत उरकलेला तो प्रसंग दोन जिवंत बाजूंचा होतो. हाच अशा यात्रेचा मोठा उपयोग.

ऑक्झिंडेन हें नांव मराठी इतिहासांत पुन्हा एकदां येतें. जून १६७४ मध्यें रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला, तेव्हां नजराणा घेऊन दरबारांत हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हा ह्याच घराण्यांतला. तो कशासाठीं आला होता? १६६१ सालीं मराठ्यांनीं राजापूरची वखार लुटून तेथील इंग्रजांना कैद केलें होतें. त्या नुकसानीची भरपाई आणि पुढील व्यापाराच्या सवलती ह्यांचा तह पदरांत पाडून घेण्याचें काम त्याच्याकडे होतें. म्हणजे एकीकडे एका नव्या राज्याचा जन्म होत होता, आणि त्याच वेळीं हा पाहुणा तेरा वर्षांची जुनी थकबाकी वसूल करण्याच्या खटपटींत होता. सुरतेच्या थडग्यावरचा हिशेबी लेख वाचलेल्या माणसाला रायगडावरचा हा इंग्रज अधिक चांगला समजतो.

तथापि जॉर्जच्या लेखांतील एक गोष्ट विशेष बारकाईनें पाहण्यासारखी आहे. ब्रेटन हा केवळ कंपनीचा प्रेसिडेंट होता. जॉर्ज प्रेसिडेंट तर होताच. पण त्याच्या पदव्यांत मुंबई बेटाचा गव्हर्नर ही एक नवी पदवी आली आहे. पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण मिळालेलें तें बेट इंग्लंडच्या राजानें १६६८ मध्यें वर्षाला दहा पौंड भाड्यानें कंपनीला दिलें, आणि कंपनीचा तेथील पहिला गव्हर्नर म्हणून ऑक्झिंडेनकडे कारभार आला. दगडावर ती पदवी अवघ्या दोन-तीन शब्दांची आहे. परंतु ज्याच्या धन्यांची सुरतेंत भाड्याची वखार होती, तेच आतां समुद्रापलीकडे एका भूमीचे मालक झाले होते. तराजूच्या शेजारीं तरवार येऊन बसली, ती ह्या दोन-तीन शब्दांत.

आतां डचांच्या स्मशानाकडे वळावें. तेथील मुख्य वास्तु हेंद्रिक आद्रियान व्हान ऱ्हेडे ह्या डच सरदाराची. ती दुमजली असून तिच्यावर घुमट आहे आणि भोंवतीं खांबांची रांग आहे. ऑक्झिंडेनच्या इमारतीला खालीं पाहावयास लावावें ह्या हेतूनेंच ती उभारली, असें पूर्वींपासून सांगत आले आहेत. आंतील भिंतींवर एके काळीं रंगीत चित्रें, कुलचिन्हें व धर्मवचनें होतीं आणि खिडक्यांना लांकडी नक्षीकाम होतें. ह्या सर्व थाटांत एक चमत्कारिक विसंगति आहे. डच कंपनीच्या नोकरांत माजलेली लांचलुचपत व खाजगी व्यापार मोडून काढण्यासाठीं १६८४ सालीं ज्याला सर्वाधिकार देऊन पूर्वेकडे पाठविलें, तोच हा व्हान ऱ्हेडे. एकामागून एक वखार तपासीत तो सुरतेकडे निघाला असतां, १५ डिसेंबर १६९१ रोजीं मुंबईजवळच्या समुद्रांत जहाजावरच वारला. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याचें प्रेत सुरतेस पोंचलें. आणि कंपनीच्या खर्चाला आळा घालण्यास निघालेल्या त्या माणसासाठीं मोठा खर्चिक घुमट उभा राहिला.

परंतु व्हान ऱ्हेडेचें खरें स्मारक सुरतेंत नाहीं. तो मलबारांत कोचीस अधिकारी असतां त्यानें तेथील वनस्पतींची माहिती व चित्रें गोळा करविलीं, आणि त्यांतून ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ ॲमस्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ ह्या काळांत छापला गेला. सातशेंहून अधिक वनस्पतींचें त्यांत वर्णन आहे. शेवटचा खंड निघाला तेव्हां तो हयात नव्हता. ह्या कामांत इट्टी अच्युतन् ह्या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपूभट हे तीन कोंकणी ब्राह्मणहि होते. त्यांची साक्ष कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत लिहिलेली असून ती पहिल्या खंडांत जशीच्या तशी छापलेली आहे. नागरी अक्षरें छापील ग्रंथांत दिसण्याचा हा अगदीं आरंभींचा काळ. म्हणून त्या उंच घुमटाखालीं उभ्या असलेल्या मराठी माणसानें एवढें आठवावें कीं, आंत निजलेल्या परक्या सरदाराच्या कीर्तींत कोंकणच्या तीन भटजींचाहि वांटा आहे, आणि त्यांच्या नांवें कोठेंहि घुमट नाहीं.

डचांच्या शेजारचें आर्मेनियन स्मशान पाहिलें म्हणजे विरोध चटकन् डोळ्यांत भरतो. आर्मेनियन व्यापारी इराणकडून आलेले, आणि आशियाच्या व्यापारांत मुरलेले. त्यांचीं थडगीं म्हणजे जमिनीसरशा आडव्या शिळा, आणि त्यांवर त्यांच्या लिपींतील सुबक अक्षरें. ना घुमट, ना जिना. त्यांच्या पाठीशीं आरमार नव्हतें आणि सुरतेवर छाप पाडण्याची कोणा कंपनीची चढाओढहि नव्हती. थडग्याची उंची मृताच्या योग्यतेवर ठरत नाहीं, ती जिवंतांच्या गरजेवर ठरते, हें येथें कोणीं शिकविल्यावांचून कळतें.

शेवटीं पुन्हा इंग्रजांच्या लेखांकडे यावें. १३ एप्रिल १७६१ रोजीं मेरी प्राइस नांवाची तेवीस वर्षांची स्त्री सुरतेंत देवीच्या आजारानें वारली. देवीचे डाग देहावर पडले, पण आत्मा निष्कलंकच ईश्वराकडे गेला, मरणाची वाट तिनें पाहिली पण त्याचें भय धरलें नाहीं, अशा अर्थाचे शब्द तिच्या लेखांत आहेत. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनीं, जून १८०२ मध्यें, मुंबईंत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानांतील देवीची पहिली लस टोंचली गेली. मेरीच्या वेळीं तो उपाय कोणाजवळच नव्हता. सुरतेच्या किल्ल्याच्या अधिकाऱ्याची बायको आणि गल्लींतील कोष्ट्याची बायको ह्या बाबतींत सारख्याच असहाय होत्या.

पण त्याच लेखांत तिच्या नवऱ्याची ओळख कशी दिली आहे, हें पाहावें. विल्यम ॲंड्र्यू प्राइस हा सुरतेंतील ब्रिटिशांच्या कारभाराचा मुख्य, आणि मोंगलांच्या किल्ल्याचा व आरमाराचा गव्हर्नर. दोनच वर्षांपूर्वीं, १७५९ सालीं, इंग्रजांनीं सुरतेचा किल्ला हस्तगत केला होता. ज्या किल्ल्यांत इनायतखान दडून बसला होता, त्याच किल्ल्याचा अधिकारी आतां वखारवाला झाला. किल्ला अजून मोंगलांचा म्हणावयाचा, पण चाव्या इंग्रजांकडे. पुढें १८०० सालीं हा देखावाहि संपला आणि सबंध सुरत कंपनीच्या अंमलाखालीं गेली. तोंपर्यंत शहराची भरभराटहि ओसरली होती; कारण कंपनीनें आपलें मुख्य ठाणें १६८७ सालींच मुंबईस हलविलें होतें.

ब्रेटनचें १६४९ आणि मेरीचें १७६१. मध्यें एकशें बारा वर्षें. पहिल्या लेखांत सचोटीचा मुनीम, दुसऱ्यांत चोपडी मांडणारा व्यापारी, तिसऱ्यांत बेटाचा गव्हर्नर, चौथ्यांत बादशहाच्या किल्ल्याचा व आरमाराचा मालक. हिंदुस्थान कसा गेला, ह्या प्रश्नावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत; तो एका दिवसांत, एका लढाईंत गेला नाहीं, तो पदवीमागून पदवी असा गेला, हें ह्या चार लेखांतून तासाभरांत कळतें. आणि हें घुमट पाहून कळत नाहीं. घुमट १६६९ सालींहि तितकेच उंच होते, जेव्हां आंतल्या माणसाचे सोबती अजून भाड्याच्या घरांत राहत होते. वास्तु मोठेपणा सांगते. खरी स्थिति अक्षरें सांगतात.

म्हणूनच अशा स्थळांविषयीं खरी काळजी वाटते ती अक्षरांची. चाळीस फुटी घुमट पडला तर साऱ्या शहराला दिसेल आणि कोणीतरी तो सांवरील. परंतु संगमरवरी फळीवरची एक ओळ पावसानें, लोण्यानें किंवा चुन्याच्या हातानें पुसली गेली, तर तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. जाणाऱ्यानें ह्यासाठीं कांहीं साध्या गोष्टी पाळाव्या. अक्षरें उठावीत म्हणून त्यांवर खडू घासूं नये, दगड खरवडूं नये, आपलें नांव कोठें कोरूं नये. लेखाचें छायाचित्र तिरप्या उजेडांत घ्यावें आणि मजकूर घरीं येऊन सावकाश लावावा. मुलें बरोबर असल्यास त्यांना आधीं सन मोठ्यानें वाचावयास सांगावे, आणि त्या सनीं आपल्याकडे, कल्याण-भिवंडींत, रायगडावर, पुण्यास काय चाललें होतें, तें विचारावें. १६५९ हें ख्रिस्टोफरच्या मरणाचें वर्ष, आणि प्रतापगडच्या पायथ्याशीं अफजलखानाचा निकाल लागला तेंहि तेंच वर्ष, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे मुलाला सन पाठ करावे लागत नाहींत.

ह्या थडग्यांपुढें कोणीं नमस्कार करावा अशी अपेक्षा नाहीं, आणि रागानें पाठ फिरवावी असेंहि कारण उरलेलें नाहीं. जे आले ते नफ्यासाठीं आले, त्यांतले पुष्कळसे पहिल्या कांहीं पावसाळ्यांतच मेले, आणि जे उरले त्यांच्या वारसांनीं देश घेतला. तो देश १९४७ सालीं परत आला. हिशेबाच्या वहीचीं शेवटचीं पानें मात्र कतारगाम दरवाजापाशीं उघडीं पडून आहेत, आणि तीं वाचण्यासारखीं आहेत तोंवर एकदां जाऊन वाचावीं, एवढेंच सुचवावयाचें आहे.